गहू बंद म्हणजे नुसता तांदूळ नव्हे

‘ग्लूटेन’ हा शब्द काही वर्षांपूर्वीपर्यंत डॉक्टर मंडळी आणि वैद्यकाची पुस्तके यांच्या बाहेर फारसा ऐकू येत नसे. आता तो तालुक्याच्या गावातील किराणा दुकानापर्यंत पोचला आहे. बिस्किटांच्या पुड्यावर ‘ग्लूटेनमुक्त’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. कोणी वजन कमी करायचे म्हणून पोळी सोडतो, कोणी पोटात गॅस होतो म्हणून सोडतो, तर कोणी नुसते ऐकून सोडतो. दुसऱ्या बाजूला, ज्यांना खरोखरच आयुष्यभर गहू वर्ज्य आहे असे थोडे रुग्णही आहेत. या सर्वांच्या हाती पहिली वस्तू लागते ती म्हणजे तांदळाची पांढरी पिठी. सकाळी घावन, दुपारी भाकरी, संध्याकाळी मुरमुरे आणि रात्री भात. गहू गेला, प्रश्न मिटला!

प्रश्न इतका सहज मिटत नाही, हे सांगण्यासाठी आजचा लेख आहे. तांदळाची पिठी ग्लूटेनमुक्त आहे यात शंका नाही. पण ती एकटी पुरेशी नाही. आणि ज्या महाराष्ट्रात पिढ्यानपिढ्या ज्वारी, बाजरी, नाचणीची भाकरी खाल्ली गेली, तेथे तिच्या एकटीवर अवलंबून राहण्याचे काही कारणही नाही.

ग्लूटेन म्हणजे काय?

कणकेचा मळलेला गोळा नळाच्या बारीक धारेखाली धुवून पाहा. पांढरे पाणी वाहून जाते आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तो लगदा म्हणजे ग्लूटेन, गव्हातील प्रथिन. याच चिवटपणामुळे पोळी पातळ लाटता येते आणि पाव फुगतो. ज्वारी, बाजरी, तांदूळ यांत हे प्रथिन नाही. म्हणून त्यांची पोळी लाटू गेले की तुटते. म्हणूनच भाकरी थापायची, आणि तांदळाच्या भाकरीसाठी आधी गरम पाण्यात उकड काढायची, ही रीत पडली. ग्लूटेन हे नाव माहीत नसतानाही त्याची उणीव कशी भरून काढायची, हे आपल्या आज्यांना पक्के ठाऊक होते.

गव्हाखेरीज जव आणि राय या धान्यांतही याच जातीची प्रथिने असतात. बहुतेक माणसांना त्यांचा काही त्रास होत नाही. मात्र काही जणांच्या शरीरातील प्रतिकारशक्ती ग्लूटेनमुळे बिथरते आणि स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतले अस्तर मखमलीसारखे असते. त्या मखमलीचे बारीक तंतूच अन्नरस शोषून घेतात. हल्ल्यामुळे ते झिजून सपाट होतात, आणि माणूस पोटभर जेवूनही उपाशी राहतो. या विकाराला सिलियाक विकार म्हणतात. ही ॲलर्जी नव्हे आणि साधे अपचनही नव्हे.

गव्हाचा हा दोष उघड होण्याची कथा विलक्षण आहे. हॉलंडमधील बालरोगतज्ज्ञ डॉ. विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे तेथे भीषण उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला. इतर मुले खंगत असताना या विकाराची मुले मात्र सुधारू लागली. पाव परत आला तशी ती पुन्हा आजारी पडली. डिके यांनी पुढे काळजीपूर्वक प्रयोग करून १९५० साली आपला प्रबंध सादर केला. आज या विकारावर जो उपचार आहे तो तोच: गहू, जव, राय कायमचे बंद. त्यावर अजून गोळी नाही.

आपल्या देशात हा विकार दुर्मिळ समजला जाई. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतातील प्रौढांमध्ये तो शंभरात सुमारे एकाला, तर दक्षिणेत हजारात सुमारे एकाला आढळला. लहान मुलाला महिनोन्‌महिने पातळ जुलाब, पोट पुढे आणि हातपाय काड्या, वयाच्या मानाने उंची कमी, ही त्याची नेहमीची लक्षणे. पण मोठ्या माणसात जुलाब नसतानाही नुसता रक्तक्षय असू शकतो. लोहाच्या कितीही गोळ्या घेतल्या तरी हिमोग्लोबिन वर येत नसेल, तर या विकाराचा विचार करावा लागतो.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगतो. संशय आला म्हणून आधी गहू बंद करू नका. टीटीजी नावाची रक्ततपासणी आणि बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी, या दोन्ही गहू खात असतानाच कराव्या लागतात. गहू सोडून काही महिने झाले की तपासणी खोटा दिलासा देते. मग आयुष्यभराचे पथ्य पाळायचे की नाही, हे कोणालाच खात्रीने सांगता येत नाही.

पिठीच्या बाजूने

निदान पक्के झाले की सुरुवातीच्या दिवसांत तांदूळ हा खरा मित्र आहे. आतडे सोलवटलेले असते, भूक मंदावलेली असते. अशा वेळी मऊ भात, पेज, तांदळाची उकड सहज पचते. तांदूळ सर्वत्र मिळतो, परवडतो आणि मुलांना आवडतो. घावन, आंबोळी, शिरवाळे, उकडीचे मोदक असा मोठा खजिना त्याच्यामागे आहे. चिकट जातीच्या तांदळात ग्लूटेन असते, हा समज चुकीचा आहे. तो चिकटपणा पिष्टाचा असतो. तेव्हा पिठीवर बहिष्कार घाला, असे मी सांगत नाही.

पिठीची उणी बाजू

तांदूळ पॉलिश करताना वरचा कोंडा आणि कोंब निघून जातो आणि त्याबरोबर तंतू, लोह आणि ब गटातील जीवनसत्त्वे यांचा मोठा भाग जातो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या तक्त्यांकडे नजर टाकली तर फरक लगेच दिसतो. शंभर ग्रॅम कणकेत तंतू सुमारे ११ ग्रॅम आणि लोह सुमारे ४ मिलिग्रॅम. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात तंतू ३ ग्रॅमहून कमी आणि लोह १ मिलिग्रॅमहूनही कमी. प्रथिने कणकेत साडेदहा ग्रॅम, तांदळात आठ ग्रॅम. म्हणजे आधीच रक्तक्षय झालेल्या रुग्णाचा गहू काढून घ्यायचा आणि त्या जागी पूर्वीच्या पाव हिश्शापेक्षाही कमी लोह द्यायचे, असा हा व्यवहार होतो.

नुसत्या पॉलिश तांदळाचे परिणाम वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षे माहीत आहेत. १८९० च्या सुमारास जावा बेटावर डॉ. आयकमन यांनी पाहिले की पॉलिश केलेल्या तांदळाच्या भातावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की त्या बऱ्या होतात. माणसातील बेरीबेरी या रोगाचे मूळ त्यातून उलगडत गेले आणि १९२९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या ताटात डाळ-भाजी असते म्हणून बेरीबेरीची भीती बाळगण्याचे कारण नाही. पण कोंडा काढून टाकलेल्या धान्यावर सगळा भार टाकू नये, हा धडा विसरण्याजोगा नाही.

माझ्या पाहण्यातील एक आठ वर्षांची मुलगी सांगतो. मोठ्या शहरात तिचे निदान झाले. आई मोठी दक्ष. घरातून गहू हद्दपार झाला. चार महिन्यांत जुलाब थांबले, वजन वाढले, सगळे आनंदले. पण मुलीचा चेहरा पांढराफटक राहिला, शाळेतून आली की ती झोपून जाई, आणि आता तक्रार उलटी झाली होती: शौचास खडा. आईला दिवसाचे जेवण लिहून आणायला सांगितले. घावन, पोहे, तांदळाची भाकरी, मुरमुऱ्याचा लाडू, भात. पाच वेळच्या खाण्यात पाच वेळा तांदूळ! पथ्य मोडले नव्हते, पण आहार मोडला होता. औषधी लोह चालू ठेवून दोन वेळच्या तांदळाच्या जागी नाचणी आणि बाजरी आली, डाळ आणि पालेभाजी वाढली. सहा महिन्यांनी मुलगी अंगणात दोरीवरच्या उड्या मारताना दिसली.

आणखी दोन गोष्टी. पिठी जितकी बारीक तितकी ती लवकर पचते आणि रक्तातील साखर झटकन चढते. लहानपणी इन्सुलिन घ्यावा लागणारा मधुमेह आणि सिलियाक विकार हे पुष्कळदा एकाच मुलात आढळतात. अशा मुलाला नुसत्या पिठीवर ठेवणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. दुसरी गोष्ट आर्सेनिकची, म्हणजे सोमलातील विषारी द्रव्याची. भाताचे पीक पाण्यात उभे असते आणि जमिनीतील, पाण्यातील आर्सेनिक इतर धान्यांपेक्षा जास्त ओढून घेते. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ग्लूटेनमुक्त आहार घेणाऱ्यांच्या लघवीत आर्सेनिकचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळले. घाबरून भात सोडू नये. तांदूळ धुवून, भरपूर पाण्यात शिजवून पेज काढली की त्याचा काही भाग निघून जातो. पण पिठी धुता येत नाही. म्हणून धान्ये आलटूनपालटून खाणे हाच शहाणपणा.

मग हातसडीच्या तांदळाचे पीठ चालेल का? जरूर चालेल, त्यात तंतू आणि जीवनसत्त्वे जास्त. फक्त कोंड्यातील तेलामुळे ते लवकर खवट होते, तेव्हा आठवड्यापुरतेच दळावे. आर्सेनिकही कोंड्यातच अधिक असते, म्हणून तेही एकटे नको.

गिरणीचे गणित

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पिठी शुद्ध तांदळाची आहे, असे आपण समजतो. ती दळली कोठे? आपल्याकडे ‘गव्हावर गहू दळा’ असे गिरणीवाल्याला बजावण्याची पद्धत आहे. कारण दुसऱ्या धान्याचे पीठ मिसळले तर पोळी बिघडते. मग गव्हावर तांदूळ दळला तर काय होत असेल?

हिशोब करू. शंभर ग्रॅम कणकेत साधारण ८ ते १० ग्रॅम ग्लूटेन असते. गिरणीच्या जात्यात आणि नळीत अडकलेली चहाचा चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम कणीक एक किलो पिठीत मिसळली, तर त्या किलोत २४० ते ३०० मिलिग्रॅम ग्लूटेन गेले. आपल्या देशातील अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालते. म्हणजे मर्यादेच्या बारा ते पंधरा पट! अशी २०० ग्रॅम पिठी दिवसाला खाल्ली तर ५० ते ६० मिलिग्रॅम ग्लूटेन रोज पोटात जाते. आणि रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने गेले तरी रुग्णाच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले आहे. ‘एवढ्याशाने काय होते’ हे वाक्य या विकारात चालत नाही, ते यासाठी.

याला उपाय आहे. ऐपत असेल तर घरघंटी घ्यावी आणि तिच्यात गहू कधीच घालू नये. नसेल तर थोडे थोडे धान्य मिक्सरमध्ये दळून चाळावे. एका गावात असे दोन-तीन रुग्ण असतील तर त्यांनी मिळून गिरणीवाल्याशी बोलावे: आठवड्यातून एका सकाळी गिरणी झाडून पुसून, पहिले दळण यांचे. त्या दळणाचेही पहिले किलोभर पीठ घरातील इतरांसाठी बाजूला काढावे. ही पद्धत घरच्या दळणाइतकी बिनधोक नाही, पण गव्हावरच्या दळणापेक्षा कितीतरी बरी. किराणा दुकानातील सुटी पिठी मात्र घेऊ नये, कारण मैद्याच्या पोत्यातला डावच तिच्या पोत्यात फिरतो.

घरातही असाच एक चोर आहे. पुष्कळ घरांत पोळी लाटताना तांदळाची पिठी लावतात. कणकेचा हात त्या डब्यात शंभरदा जातो. त्याच डब्यातली पिठी रुग्णाच्या घावनासाठी घेतली जाते! रुग्णाच्या पिठीचा डबा वेगळा, परात वेगळी आणि तवा स्वच्छ घासलेला हवा. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड तळू नयेत.

आणखी काही लपलेले गहू लक्षात ठेवा. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा किंवा गव्हाचे पीठ घातलेले असते, तेव्हा फोडणीचा हिंग नीट वाचून घ्यावा. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. सातूचे पीठ, कुरड्या, रवा, शेवया, माल्ट घातलेली दुधात मिसळायची पावडर हे सगळे वर्ज्य. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरासुद्धा. देव रागावणार नाही. केळे पुढे करावे, तोही प्रसादच.

आपल्या मातीतला पर्याय

परदेशातील सिलियाक रुग्णाला नवे अन्न शिकावे लागते. आपल्याला फक्त जुने आठवायचे आहे. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत आपल्या ताटातील भाकरी हटत गेली आणि पोळी आली. पोळी म्हणजे सुस्थिती आणि भाकरी म्हणजे गरिबी, असा हिशोब मनात बसला. शरीराचा हिशोब वेगळा आहे. ज्वारीत तंतू सुमारे १० ग्रॅम आणि लोह सुमारे ४ मिलिग्रॅम, म्हणजे जवळजवळ कणकेइतकेच. बाजरीत लोह ६ मिलिग्रॅमहून अधिक. नाचणीत कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात, तांदळात त्याचा मागमूसही नाही म्हटले तरी चालेल. भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. सोलापूरकडच्या शेतकऱ्याला त्याची मालदांडी ज्वारी काय आहे, हे कोणी सांगायला नको होते.

माझा सल्ला साधा आहे. दिवसाच्या दोन मुख्य जेवणांपैकी एकात ज्वारी, बाजरी किंवा नाचणीची भाकरी असावी, दुसऱ्यात भात चालेल. पिठी लागेल तेव्हा वापरा, पण तिला सोबत द्या: घावनात निम्मे मुगाचे पीठ, आंबोळीत उडीद, भाकरीत नाचणी. तांदळाच्या प्रथिनात जो घटक कमी पडतो तो डाळी भरून काढतात. आणि उपवासाचा डबा विसरू नका. राजगिरा, वरई, शिंगाडा ही सगळी मुळात ग्लूटेनमुक्त. एकादशीला जो पाहुणा येतो त्याला आठवड्याचा सोबती करा. साबुदाणा मात्र नुसते पिष्ट आहे, तो पिठीचाच भाऊ. ही सर्व पिठेही घरीच दळलेली बरी.

फॅशन आणि लाज

ज्यांना हा विकार नाही त्यांनी पोळी सोडून महागडी ‘ग्लूटेनमुक्त’ बिस्किटे खाण्यात काही अर्थ नाही. त्या पुड्यावरील घटक वाचा. बहुधा तांदळाची पिठी, मक्याचे पिष्ट, साखर आणि तूप किंवा तेल. कणकेतील तंतू टाकून साखर विकत घेण्याचा हा उद्योग आहे. त्याचा आणखी एक तोटा होतो. खरा रुग्ण लग्नाच्या पंगतीत ‘मला गहू चालत नाही’ म्हणाला की लोकांना वाटते, हाही त्यातलाच एक नखरा.

आणि याहून गंभीर गोष्ट लाजेची आहे. मुलगी लग्नाची झाली की तिचा हा विकार लपवला जातो. नव्या घरी ती सर्वांबरोबर मुकाट्याने पोळी खाते. पुढे रक्तक्षय, गर्भपात, हाडांची झीज, सगळे तिच्या वाट्याला येते आणि दोषही तिलाच लागतो. ज्या विकाराला औषध म्हणून फक्त वेगळी भाकरी पुरते, तो लपवण्याइतका लाजिरवाणा कसा? स्थळ पाहायला आलेल्यांना स्वच्छ सांगावे. सांगितल्यावर जे उठून जातील, त्यांच्या घरी एरवीही मुलीला सुख लागले नसते. त्याचबरोबर रुग्णाच्या सख्ख्या भावंडांची आणि आई-वडिलांची रक्ततपासणी करून घ्यावी. त्यांना हा विकार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते.

पथ्य म्हणजे ताटातून काय काढले, एवढेच नव्हे. त्या जागी काय वाढले, हेही त्यात येते. घरात असा रुग्ण असेल तर आज रात्री एवढे करा: कालपासून त्याने खाल्लेले सगळे पदार्थ कागदावर लिहा आणि त्यात तांदूळ किती वेळा आला ते मोजा. तीनपेक्षा जास्त वेळा आला असेल, तर उद्याच्या बाजाराच्या यादीत ज्वारी आणि नाचणी लिहा.